टाकीतले किडे

७ ऑगस्ट, सकाळी

नदीतल्या झिंग्याची पिल्लं खाऱ्या पाण्यातच जगतात, म्हणून अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत जाडं मीठ घोळून समुद्र तयार केला. सिरोंच्याहून आणलेली अंडीवाली झिंगी, म्हणजे कोळंबीची मादी, सोडली. सावली तालुक्यात असा प्रयोग पहिलाच. फिशरीज कॉलेजात शिकलेल्या माझ्या पोरीला, रिंकूलाही कळेल की कॉलेजात न जाता बाप झिंगे काढतो. दोन वर्षांपूर्वी मला न विचारता तिने लग्न केलं. तेव्हापासून तिचे मेसेज उघडत नाही. संकल्प कायम.

१२ ऑगस्ट

अंडी फुटली. पिल्लं दिसत नाहीत, उलटे पोहणारे बारीक किडे मात्र हजारो. नुसते डोळे आणि शेपूट. नांग्या नाहीत. मिठातच घाण असणार. जुन्या लुगड्याने गाळायला घेतले. बायको गोकुळा म्हणाली, अवो, पिल्लंच असतीन, काऊन फेकून राह्यले? म्हटलं, मासे धरणाऱ्या ढिवराच्या पोराले झिंगा वळखू येत नाई का?

१३ ऑगस्ट

गोकुळाने चोरून किड्यांचा फोटो रिंकूला पाठवला. लगेच मला रिंकूचा मेसेज. उघडला नाही. दोन फोन आले, कापले.

१६ ऑगस्ट

उरलेल्या किड्यांचे डोळे आता दांडीवर आलेत. असलं ध्यान झिंगीच्या पोटी येणं शक्य नाही. गाळणं चालू.

२० ऑगस्ट

पाणी एकदम स्वच्छ. आता खरी पिल्लं दिसतील. झिंगी मेली, पण तिचं काम झालं होतं.

२४ ऑगस्ट

काही नाही. गोकुळा घाईघाईने नागपूरला रिंकूकडे गेली. मी कारण विचारलं नाही. घर फार मोठं वाटतं.

२७ ऑगस्ट, दुपारी

आज मेसेज उघडले. सहज.

१३ तारखेचा: ‘बाबा, ते किडे नाहीत. पिल्लंच आहेत. अकरा रूपं बदलतात, मग झिंग्यासारखी दिसतात. फेकू नका.’ खाली अकरा चित्रं. पहिली दोन्ही रूपं मी माझ्या हाताने गाळून फेकलेली.

मग रोज एक: ‘फेकले नाही ना, बाबा?’

कालचा: दुपट्यात गुंडाळलेलं लालबुंद बाळ. ‘मुलगी झाली. आई म्हणते, नाक तुमचं आहे.’

फोटो मोठा करून पाहिला. नाक काही ओळखू येईना. रडू आलं.

फोन लावला. दोन वर्षांनी तिचा आवाज. पहिलं तिने हेच विचारलं, बाबा, पिल्लं कशी हायत? म्हटलं, मजेत पोहून राह्यले. ती हसली. म्हणाली, सव्वा महिना झाला का येतो, पोरीले दाखवतो.

टाकीपाशी जाऊन बसलो. आत नुसतं खारं पाणी आहे.