दमानं की जोमानं

आई, मुरबाडला स्टँडसमोरच्या दुकानातून त्या बँडची नवी सीडी आणली आणि चार दिवस झाले, माझं डोकं ठिकाणावर नाही. तोच बँड, ज्याच्या मागे मी शाळा बुडवून टोकावड्यापर्यंत हळदीला जायचो आणि परत आलो की चुलीपुढून मान न वळवताच तू म्हणायचीस, "आला का बँडवाल्यांचा जावई?" त्यांची एकूण एक कॅसेट माझ्याकडे आहे. या वेळी क्लॅरिनेटच नाही. सगळं कीबोर्डवर उरकलंय आणि मध्येमध्ये कोणीतरी शिट्ट्या मारतो. तेही मी चालवून घेतलं असतं.

पण पाचवं गाणं तुझं आहे. ताई लग्नानंतर सापगावला निघाली तेव्हा तू मांडवात उभ्या उभ्या जोडलेलं. डाव्या पायाने ती लहानपणापासून अधू, त्यात नव्या चपला आणि सासरची माणसं टक लावून बघतायत. हाच बँड ऐन भरात होता. तू हात वर करून त्यांना थांबवलंस. "जरा दम खा रे, माझी पोर चालते," म्हणालीस आणि गायला लागलीस, 'सापगावच्या वाटंला लेकी, दमानं चाल गो'. बायकांनी ओळ उचलली. ताई त्या ठेक्यावर एकेक पाऊल टाकत जीपपर्यंत गेली. तिचं लंगडणं कोणाच्या ध्यानात आलं नाही. मला तेव्हा राग आला होता तो बँड थांबवल्याचा.

आता यांनी काय केलंय, ऐक. 'जोमानं चाल गो'. त्यावर ढोल तुटून पडतात आणि हळदीत पोरं उड्या मारतात. ताईला जोमानं चाल म्हणणारे हे कोण लागून गेले? वर कव्हरवर गीतकाराच्या जागी छापलंय, पारंपरिक. दहा-बारा वर्षांत तुझी परंपरा झाली, आई. माणूस उरलंच नाही. ताईने गाणं पुरतं ऐकलं, उठली आणि भांडी घासायला बसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सीडी बँडमास्तरच्या तोंडावर मारायला शहापूरला गेलो आणि त्याच्या दारावरून तसाच परत आलो.

कारण गेल्या वर्षी मास्तर स्वतः माझ्याकडे आला होता. "तू आमचा जुना मानूस, बायकांचं एखादं गानं दे," म्हणाला. मी फुगलो आणि तुझं गाणं म्हणून दाखवलं. "दमानं ठेक्यात बसत नाय रे, जोमानं करू?" मी म्हटलं, करा. "कोनी केलंय?" चहाला बँडची सगळी पोरं बसली होती. माझ्या अडाणी आईने, असं सांगायची मला लाज वाटली. मी म्हटलं, "जुनंच हाय, कोनाचं नाय."

ताईसमोर मी अजून त्यांनाच चोर म्हणतो.