धुरीघर आईच्या नावावर

३ मे, मंगळवार
सकाळी नाश्त्याला विबेकेने घटस्फोट मागितला. लग्नाला चोवीस वर्षं झाली, आणि मागितला कसा, तर लोण्याची बशी इकडे सरकव म्हणावं तसा. मी शांत राहिलो. अशा प्रसंगी मी फार शांत असतो. म्हणालो, विचार करून सांगतो. म्हणाली, टोर्किल, विचार माझा करून झालाय, तुला फक्त सही करायची आहे.

दुपारपर्यंत दुःख केलं. मग एकदम मुद्द्याची गोष्ट आठवली. धुरीघर! आजोबांनी बंदरावर बांधलेलं. हेरिंग मासे धुरावर भाजायचे आणि उन्हाळ्यात बॉर्नहोम बेटावर येणाऱ्या लोकांना विकायचे. चालवतो मी. विबेके नुसती मदत करते: कोळ्यांकडून मासे घेते, भट्टी पेटवते, गिऱ्हाईक सांभाळते, हिशेब बघते. उद्या अर्धं मागितलं तर?

निश्चय: एक वीटसुद्धा द्यायची नाही.

५ मे, गुरुवार
सल्ला घेतला. वकील कशाला? अनुभवी माणूस हवा. माझा मित्र गेर्ट, त्याचे दोन घटस्फोट झालेत. सध्या बंदरामागे जुन्या कॅम्पिंग व्हॅनमध्ये राहतो. म्हणजे दोन्ही वेळा व्हॅन वाचवली.

म्हणाला, सोपं आहे. धंदा आधीच विश्वासातल्या माणसाच्या नावावर करून टाक. तुझ्याकडे काही नसलं तर ती घेणार काय, कप्पाळ? मग जरा थांबून म्हणाला, तसा मी आहेच.

विचार केला. आई बरी. वय ब्याऐंशी, कमरेचं ऑपरेशन झालेलं, पत्ते आणि रेडिओ सोडून कशात लक्ष नाही. मालक असावा तर असा.

९ मे, सोमवार
विबेकेला स्पष्ट सांगितलं, धुरीघर मिळणार नाही. म्हणाली, तुझा धंदा मला नकोच आहे. बंदराकडे तोंड करून बाहेर टेबलं मांडू म्हणून मी दहा वर्षं सांगतेय, तू दहा वर्षं म्हणतोयस, बघू.

सगळं गेर्टला सांगितलं. म्हणाला, सुरुवातीला असंच बोलतात. त्याची पहिली बायको हेच म्हणाली होती. दुसरी काहीच म्हणाली नव्हती, ते त्याहून वाईट निघालं.

टेबलांचं बघू.

१७ मे, मंगळवार
फत्ते! आईने सही केली. फक्त चष्मा मागितला आणि सगळी पानं वाचली. म्हटलं, आई, वाचायची गरज नाही. म्हणाली, गरज नसती तर एवढं लिहिलं असतं का रे? शेवटी विचारलं, म्हणजे हे आता खरंच माझं? म्हटलं, हो हो, तुझंच, आणि डोळा मारला. तिला बहुतेक दिसला नाही. मोतीबिंदू.

संध्याकाळी गेर्टला बिअर पाजली. एवढं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

२३ मे, सोमवार
किरकोळ बाब. आज आई टॅक्सीने धुरीघरात आली. म्हणे, माझा धंदा बघायला आले. काउंटरवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. दुकान दहाला का उघडतं, विचारलं. म्हटलं, पहिल्यापासून. म्हणाली, तुझे आजोबा सहाला उघडायचे, दहाला तू उठतोस म्हणून दहा.

जाऊ दे. म्हाताऱ्या माणसाला विरंगुळा हवाच.

३० मे, सोमवार
आई रोज येते. स्वतःची खुर्ची आणलीय. ती माझ्या खुर्चीच्या जागी ठेवलीय. मला गिऱ्हाइकांसमोर दाढी करून यायला सांगितलं. आजच्या बटाट्याच्या सॅलडची चव घेऊन विचारलं, हे विकतोस की भिंतीला लावतोस?

धीर धरायचा. नुसतं कागदावर आहे.

६ जून, सोमवार
मोठा दिवस. विबेकेला समोर बसवून सांगितलं की माझ्या मालकीचं आता काहीच नाही. वाटलं होतं, हादरेल. म्हणाली, मग कोणाचं? म्हटलं, आईचं. आधी तिने तोंडावर हात धरला. मग इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग मीही हसलो. का ते माहीत नाही. आम्ही दोघं असे एकत्र हसलो त्याला खूप वर्षं झाली असतील.

मग ती रुबार्बचा केक घेऊन आईकडे गेली. म्हातारीला पटवायला, उघड आहे. पण माझी आई म्हणजे लोखंड.

९ जून, गुरुवार
लोखंड वितळलं.

आईने विबेकेला मॅनेजर केलं. म्हटलं, अगं, तिच्यापासूनच तर वाचवायचं होतं! म्हणाली, कशापासून? या दुकानात काम करणारं एकच माणूस होतं, ते तू घालवायला निघाला होतास. विबेकेला विचारलं, तुला तर धंदा नको होता ना? म्हणाली, तुझा नको होता. आता तुझा कुठेय?

आईला म्हटलं, दे परत माझं. म्हणाली, बघू.

गेर्टकडे धावलो. त्याने सगळं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं आणि विचारलं, त्यांना माणसं लागतायत का?

२३ जून, गुरुवार
उन्हाळ्याचा सण. किनाऱ्यावर होळीसारखी मोठी शेकोटी पेटलेली, अख्खं गाव बाहेर. धुरीघरासमोर टेबलं मांडलीत, तोंड बंदराकडे. एकही रिकामं नाही. गेर्ट पांढरा अॅप्रन बांधून ताटं उचलत होता. गद्दार. पण अंगाला साबणाचा वास येत होता, हे मान्य केलं पाहिजे.

पाहणी करावी म्हणून रांगेत उभा राहिलो. विबेकेने विचारलं, किती? म्हटलं, दोन. राय ब्रेडवर गरम हेरिंग, मुळा, वर अंड्याचा पिवळा बलक. तिला सांगितलं, धूर किंचित जास्त झालाय. ती म्हणाली, बरं.

उभ्याउभ्या दोन्ही खाल्ले. परत रांगेत उभा राहिलो. धूर अगदी बरोबर होता. तिला सांगायचं होतं, पण मागचे लोक ढकलत होते.

४ जुलै, सोमवार
घटस्फोट झाला. कचेरीतल्या बाईंनी विचारलं, धंद्यावरून काही वाद? मी ताठ बसून म्हणालो, अजिबात नाही, धंदा आमच्या दोघांपैकी कोणाचाच नाही. बाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. असं नियोजन त्यांनी पाहिलं नसणार.

प्लॅन शंभर टक्के यशस्वी. एक वीटही गेली नाही.

गाडी धुरीघराची असल्यामुळे विबेकेने मला घरी सोडलं. उतरताना म्हणाली, नीट जेवत जा. हो म्हटलं. दार लावल्यावर जरा वेळ तिथेच उभा होतो.

११ जुलै, सोमवार
आईचा फोन. सीझन जोरात आहे, हात कमी पडतायत, ये. मला माहीतच होतं! माझ्यावाचून अडणारच.

गेलो तर मुलाखत. टेबलाच्या पलीकडे आई आणि विबेके. आईने अनुभव विचारला. म्हटलं, आयुष्य गेलं इथे. म्हणाली, गेलं ते दिसतंय, केलंस काय ते सांग. विबेके खाली बघून हसत होती. मग दोघी कानात काहीतरी बोलल्या आणि विबेके म्हणाली, घेऊ या. दोन आठवडे बघू.

मी मागणी घातली होती तेव्हा तिने एवढ्या पटकन हो म्हटलं नव्हतं.

१२ जुलै, मंगळवार
सहाला हजर. दाढी केली. काम: हेरिंग साफ करणं. अॅप्रनची गाठ पाठीमागे मला बांधता येईना, ती विबेकेने येऊन बांधली आणि भट्टीकडे गेली.

काही शंका असली तर गेर्टला विचारायचं. तो माझा वरिष्ठ आहे. दुपारी खांद्यावर हात ठेवून म्हणाला, टेन्शन घेऊ नकोस रे, नव्या माणसाला इथे पहिला आठवडा जडच जातो.