नागवेलीची पुडी आणि सुब्बारावांचं कपाळ

।। श्री गुरुदेव दत्त ।।

नल्लकुंटा, हैदराबाद
डिसेंबर २०१४

तीर्थस्वरूप वन्सं यांना कुसुमचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे. ह्यांचा खोकला चालू आहे, पण जेवण बंद नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? तेल रोज लावता ना? (हे पत्र नामदेवरावांना दाखवू नका. विचारलंच तर म्हणा, कुसुमने गुडघ्यांची चौकशी केली आहे. ते खोटं नाही.)

भाऊबीजेला तुम्ही दोघं आलात, तेव्हा नामदेवरावांनी माझ्या नागवेलीसाठी ती बुरशीची पुडी दिली होती, मूळकुज थांबवणारी. पांढुरकी, हिरवट झाक असलेली भुकटी. शेणखतात कालवा, वर ओलं पोतं टाकून आठवडाभर सावलीत ठेवा, म्हणजे ही चांगली बुरशी वाढते, मुळाशी राहून वाईट बुरशीला खाते आणि वेलही जोमाने वाढतो, असं त्यांनी मला दोनदा समजावलं. (जन्मभर बुरशी लागू नये म्हणून लोणच्याच्या बरण्या पुसल्या, आणि आता ती मुद्दाम पाळायची.) ती जिवंत असते, उन्हापासून जपा, थंड जागी ठेवा, असंही म्हणाले. आमच्या घरात थंड जागा एकच, देवघर. पुडी फाटत आली म्हणून मी ती रिकाम्या डबीत ओतली. डब्या मी टाकत नाही हे तुम्ही जाणताच. गाणगापूरचा अंगाराही तसल्याच डबीत होता. पुढचं तुम्ही ओळखलं असेल, पण मला लिहिल्याशिवाय सुटका नाही.

आमचे शेजारी सुब्बाराव सचिवालयात नोकरीला आहेत. राज्याचे दोन भाग झाल्यापासून कोणी इथे राहायचं आणि कोणी आंध्रात जायचं याच्या याद्या निघताहेत. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली, तिला उचलून ते कुठे जाणार? पहिल्या यादीच्या दिवशी पाया पडायला आले, तेव्हा मी डबी उघडून कपाळाला अंगारा लावला. (आज हिरवट का दिसतो, असं मनात आलं होतं. पण देवाच्या वस्तूत खोट काढू नये म्हणून गप्प बसले.) त्यांचं नाव हैदराबादच्या यादीत निघालं. पेढे आले. मग त्यांच्या मेव्हण्याने अंगारा नेला, ऑफिसातल्या लोकांनी नेला, आणि डबीचा तळ दिसला.

इकडे वेल मात्र वाळतच चालला. नामदेवरावांनी फोनवर विचारलं, शेणखतावर हिरवी-पांढरी बुरशी धरली का? मी पोतं उचललं, तर कापराचा वास. वन्सं, गुरूंचा अंगारा मी शेणात कालवला होता, वर गूळपाणी शिंपडून. तेव्हापासून दत्ताच्या तसबिरीकडे बघवत नाही. आरती करते ती खाली मान घालून.

काल सुब्बारावांना खरं सांगायला गेले. शेवटची यादी अजून यायची आहे, त्या काळजीत ते दारातच उभे. मी एवढंच म्हणू शकले की गाणगापूरहून ताजा अंगारा मागवते. ते हात जोडून म्हणाले, "अम्मा, ताजा नको. वोइच डब्बे का देना." आतून त्यांच्या आईने पडल्या पडल्या मला नमस्कार केला. ऐंशीच्या घरातली बाई मला नमस्कार करते, आणि मी तिच्या मुलाच्या कपाळाला बुरशी फासलेली. तशीच परत आले. पण खरं सांगायचंच, असं दत्ताला सांगून ठेवलं आहे.

चूक पदरात घ्या. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची
कुसुम

ता. क. ही बुरशी माणसाच्या कातडीवर धरते का, हे नामदेवरावांना माझं नाव न घेता विचारा. मी रोज जिन्यात सुब्बारावांचं कपाळ निरखते. अजून तरी साफ आहे, पण ते हल्ली सारखा कपाळावरून रुमाल फिरवतात.

ता. क. नामदेवरावांना म्हणावं, वेल अगदी अत्यवस्थ आहे, आणखी एक पुडी कुरिअरने तातडीने पाठवा. सोमवारच्या आत मिळायला हवी. सोमवारी यादी लागते.

ता. क. वेल मी गुरुवारीच उपटून टाकला.