दोन्ही याद्या जुळल्या

मंगळवार, १४ जानेवारी

आजच्या डब्यांच्या दोन्ही याद्या, जुन्या यंत्रणेची आणि नव्या, खिडकीच्या काचेवर एकावर एक धरल्या — नाव नावावर बसलं. बिनमिठाचे डबे, मऊ जेवणाचे, सगळे. तुओमोला फोन केला. "मग फेब्रुवारीपासून जुनी बंद," म्हणाला. साहेब आहे, घाई त्यालाच.

एकदम नव्या यंत्रणेवर उडी नको, हा माझाच हट्ट. महिनाभर जुनी आणि नवी शेजारी-शेजारी चालवायच्या. डबे मात्र जुन्या यादीप्रमाणेच जाणार. काम दुप्पट. पण यादीतून एक नाव गळलं, तर गावात एक म्हातारं माणूस जेवणावाचून राहतं.

शुक्रवार, १७ जानेवारी

आजही जुळलं. रोजच्या याद्या रायली काढते. तिला म्हटलं, फार छान चाललंय. "हं," म्हणाली. आम्हा फिनिश लोकांत एवढं म्हणजे भाषणच.

सगळ्यांसाठी दालचिनीचे बन नेले. घरी चालत आले. पायाखाली बर्फ करकरत होता. बरं वाटलं.

सोमवार, २० जानेवारी

जुळलं.

बुधवार, २२ जानेवारी

तुओमो स्वयंपाकघरात कॉफीला आला. "एकही फरक नाही? माझं आणि बायकोचंसुद्धा इतकं जुळत नाही." सगळे हसले. रायली नाही. तो गेल्यावर मला भांड्यांच्या खोलीत नेऊन म्हणाली,

"नवी रोज एक डबा जास्त दाखवते. मी काढून टाकते."

"काढून टाकतेस?"

"जुळायला हवं, असं तूच म्हणाली होतीस."

म्हणाले होते खरी. फरक सापडावा म्हणून दोन चालवतोय — हे सगळ्यांना कळलंच असेल, असं धरून चालले. नवी यंत्रणा शिकवली त्या दिवशी कुणी काही विचारलं नव्हतं.

कुणाचा डबा? आउने कोक्कोनेन, चर्चमागचं पिवळं घर. मोडलेल्या खुब्यामुळे जुन्या यादीत त्या अजून इस्पितळात. नवीला इस्पितळाकडून थेट कळतं — त्या नाताळाआधीच घरी आल्यात.

फोन उचलला नाही. "ऐकू कमी येतं त्यांना," रायली म्हणाली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तशीच गेले. दार वाजवलं, पण टीव्हीचा आवाज पार रस्त्यापर्यंत. पडद्याआड त्या कप हातात घेऊन इकडून तिकडे गेल्या. जीव भांड्यात पडला. खिडकी वाजवून अंधारात त्यांना घाबरवलं नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

सकाळी वाटाण्याचं सूप घेऊन पुन्हा गेले. आउनेबाईंनी दार उघडलं, झाकण काढून वास घेतला. इतके दिवस तळघरातल्या बटाट्यांवर भागवलं, म्हणाल्या. म्हटलं, फोन का नाही केलात?

"पेपरात वाचलं, तुम्ही नवी यंत्रणा बसवताय. म्हटलं, तुमचं आवरलं की पाठवाल."