बर्फातला गहू

मेहरूण, जळगाव
१४ सप्टेंबर १९९७

ती. शालिग्राममामा व ती. कुंदामामी यांस,
चारूचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र येत नाही म्हणून शेवटी मीच लिहायला बसले. केळीच्या बागेतून मान वर काढायला सवड झाली असेल, तर हे पत्र उभ्याउभ्या न वाचता बसून वाचा, कारण काम शेतीचं आहे. आत्याकडे सगळं ठीक. कॉम्प्युटरचा क्लास पन्नालालजींच्या कापडाच्या दुकानावरच भरतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आता त्यांना दुपारच्या बॅचला शिकवायला माणूस हवा आहे. मी आणि अभिमन नावाचा एक मुलगा, दोघांचे मार्क सारखे. पन्नालालजी म्हणाले की मार्क राहू देत, माणसाच्या हातात नवा धंदा द्यावा आणि तो काय करतो ते बघावं.

तो धंदा म्हणजे एक खेळ आहे. त्यांचा भाचा परदेशातून आला, त्याने फ्लॉपीवर आणला. पडद्यावर एक शेत दिसतं. आपण पेरायचं, पाणी द्यायचं, काढायचं, विकायचं. वर्षाचे चार भाग आहेत आणि त्यात पावसाळा नाहीच. आम्हाला शरदापासून सुरुवात करायची आहे, हिवाळा संपेपर्यंत जो जास्त नफा काढील त्याला नोकरी. शरदात पेरायला डांगर, वांगी, रताळी आणि गहू आहे. डांगराला भाव चांगला, अभिमन तेवढंच लावणार आहे, पण वेल एकदाच फळ देतो. वांगी स्वस्त आहेत पण पुन्हा पुन्हा लागतात. गव्हाला भाव सगळ्यांत कमी. मामा, यातलं काय पेरू?

नोकरी नाही मिळाली तर दिवाळीला चाळीसगावला परत यायचं आणि बाबांच्या दुकानात खिळे-बिजागऱ्या विकायच्या, असं बाबांनी बजावलं आहे. मला इथेच राहायचं आहे. तेव्हा हसू नका आणि लवकर लिहा.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
चारू


मु. पो. निंभोरा
२२ सप्टेंबर १९९७

चि. चारूस,
शालिग्राममामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बसूनच वाचलं, दोनदा. हसलो नाही. तुझी मामी मात्र हसली. तिला हे समजून घ्यायचं आहे की त्या शेतात तण निंदायला कोण जातं. मी म्हटलं, बटण दाबलं की निंदणी होत असेल. तर मग मलाही एक बटण आणा, म्हणाली.

आता माझे प्रश्न. जमीन काळी की मुरमाड? पाणी विहिरीचं की पाटाचं? पावसाळा नाही तर विहिरीत पाणी येतं कुठून? बांधाला बांध लागून कोण आहे, आणि त्याची जनावरं मोकळी सुटतात का? तू यातलं काहीच लिहिलं नाहीस. नुसतं पीक आणि भाव सांगून शेतकऱ्याला सल्ला विचारतात का?

तरी विचारलंस म्हणून सांगतो. डांगराच्या मोहात पडू नकोस. मोठं फळ बघून माणूस भुलतो. आधी सगळीकडे वांगी लाव. एकदा लागली की तोड्यावर तोडा मिळतो, हाताशी पैसा खेळता राहतो. मग शरद सरता सरता, वांगी जोरात असली तरी मन घट्ट करून उपट आणि सगळ्या रानात गहू टाक. अभिमनचं डांगर निघालं की त्याचं शेत हिवाळाभर रिकामं. तुझं भरलेलं. गव्हाला थंडीच लागते. जितकी थंडी तितका गहू, हे इथं पोरासोरांना कळतं, त्या अभिमनला कसं कळलं नाही याचं नवल वाटतं. तो शेतकऱ्याघरचा नाही का?

पुढे काय होतं ते कळव. मला खरोखर उत्सुकता लागली आहे. इथल्या केळीतून केळफूल कधी बाहेर पडतं हे मला आधीच ठाऊक असतं, तुझ्या वांग्यांचं नाही.

लोभ आहे, तो वाढो.
तुझा,
शालिग्राममामा


मेहरूण, जळगाव
१३ ऑक्टोबर १९९७

ती. मामा व मामी यांस,
सा. न. वि. वि.

मामा, मी तुमच्यावर रागावले आहे हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

वांग्यांचं तुम्ही सांगितलंत ते सोळा आणे खरं निघालं. तोड्यावर तोडा मिळाला आणि मी अभिमनच्या पुढे गेले. तो रोज माझ्या पडद्याकडे तिरका बघून जायचा. मग तुम्ही म्हणालात तसं मन घट्ट केलं, फुलांवर आलेली वांगी उपटली आणि सगळ्या शेतात गहू पेरला. तो उगवलाही. हिरवागार दिसत होता. अभिमनने डांगरं काढली, विकली आणि हात बांधून बसला. मला वाटलं, बस तू.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या दिवशी खेळात हिवाळा लागला. पडद्यावर सगळं पांढरं झालं. मला आधी वाटलं मॉनिटर बिघडला. तो बर्फ होता, मामा. गहू एका झटक्यात मेला, बियाण्याचा पैसाही बुडाला आणि मी अभिमनच्या मागे पडले. खेळाचा नियमच तसा आहे. हिवाळ्यात काहीही जगत नाही, शेतकऱ्याने घरात बसायचं असतं. अभिमन डांगरं विकून बसला होता ते बरोबरच होतं. तो वरणगावचा, वडील कारखान्यात, शेताशी संबंध नाही. त्याने खेळाबरोबर आलेला कागद वाचला होता. मी नव्हता वाचला. मला कशाला वाचायचा, मला मामा होता.

नोकरी त्याला मिळाली. तो वाईट मुलगा नाही, मला म्हणाला की तुझा गहू बघून तो घाबरला होता. मी रडले नाही, पण आत्याने माझ्या आवडीचं भरीत केलं तरी गेलं नाही. दिवाळीला चाळीसगाव.

तुमच्यावर लोभ ठेवावा की नाही हे या खेपेला मी ठरवणार होते. ठेवला आहे.
चारू


मु. पो. निंभोरा
२२ ऑक्टोबर १९९७

चि. चारूस,
मामाचे आशीर्वाद. ते घ्यावेसे वाटले तर घे.

पत्र आलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पोरीचं नुकसान माझ्या शब्दाने झालं, हे मला फार लागलं आहे. तू कागद वाचला नाहीस ही तुझी चूक असेल, पण मी न बघितलेल्या जमिनीवर गहू पेरायला सांगितला ही माझी चूक त्याहून मोठी. आधी प्रश्न विचारले आणि उत्तरं यायच्या आत सल्ला देऊन मोकळा झालो.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. थंडीने गहू मरतो? थंडीने केळी अडते, तिची पानं पिवळी पडतात, वाढ थांबते, हे मी दर वर्षी बघतो. पण गहू? माझ्या वडलांच्या वेळेपासून इथे केळीच केळी, गहू आम्ही बाजारातून आणतो. म्हणजे मी जे छातीठोकपणे लिहिलं ते लहानपणी दुसऱ्यांच्या रानात बघितलेलं. मला आता स्वतःचीच शंका यायला लागली आहे. दिवाळी झाली की विहिरीजवळच्या मोकळ्या तुकड्यात गहू टाकणार आहे. विकायला नाही, बघायला.

मामी तिच्या बोलीत जे म्हणाली ते तसंच लिहितो. ज्यानं थो खेळ केला त्याले आपला गहू ठाऊकच नाही, मंग चारूनं तिचा खेळ काहून करू नये. मला यातलं कळत नाही. असा खेळ माणसाला करता येतो का?

तुझ्या बाबांना मी वेगळं पत्र टाकलं आहे. दाजी माझ्या शब्दाला मान देतात. पोरीला होळीपर्यंत जळगावात राहू द्या, अडचण माझ्यामुळे आली आहे, असं लिहिलं. ते ऐकतील.

राग ओसरला की लोभ कर.
शालिग्राममामा


मेहरूण, जळगाव
१८ डिसेंबर १९९७

ती. मामा व मामी यांस,
सा. न. वि. वि.

बाबांनी होळीपर्यंत परवानगी दिली. मामीला सांगा की असा खेळ माणसाला करता येतो. मी करते आहे. त्यात चित्रं नाहीत, नुसती अक्षरं आणि आकडे, पण पावसाळा आहे, विहीर आहे आणि शेजाऱ्याची सुटलेली म्हैससुद्धा आहे. अभिमन दुपारची बॅच सुटली की मला त्याच्या मशीनवर बसू देतो आणि मागे उभा राहून चुका काढतो.

आता अडले आहे ते पन्नालालजींपाशी. दुपारच्या बॅचला रावेर-यावलकडची शेतकऱ्यांची मुलं बरीच येतात. मी म्हटलं, त्यांना हा खेळ द्या, आपल्या शेतीवर हिशेब शिकतील. त्यांना कल्पना आवडली. खेळ चांगला निघाला तर सकाळची वेगळी बॅच काढू आणि ती तुझी, असं म्हणाले. पण परदेशातल्या खेळात गहू मरतो, तुझ्यात जगतो, यातलं खरं कोणतं, हे ते विचारतात. त्यांचं आयुष्य कापडात गेलं. नमुना हातात घेतल्याशिवाय ते गठ्ठा उचलत नाहीत.

तुमचा तुकडा कसा आहे? खरं तेच लिहा. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. गहू मेला असेल तर मी माझ्या खेळातही मारीन.

मामीच्या हातच्या खाण्यावर वासना आहे. लोभ दोघांनी वाटून पाठवा.
चारू


मु. पो. निंभोरा
३ फेब्रुवारी १९९८

चि. चारूस,
मामा-मामीचे पोटभर आशीर्वाद.

उशीर केला, कारण अर्धवट काही लिहायचं नव्हतं. एकदा तुझं नुकसान केलं आहे. संक्रांतीच्या आसपास इथे कडाक्याची थंडी पडली. केळीची पानं पिवळी पडली, घड भरायचे थांबले, गावात सगळ्यांची तोंडं उतरली. आम्ही उजाडलं की आधी विहिरीकडे जायचो. मामी पुढे आणि मी मागे, कारण मला बघायची भीती वाटायची. शेजारचा तोताराम विचारायचा की केळी सोडून त्या तुकड्यात तुमचं काय ठेवलं आहे. त्याला काय सांगणार?

गहू मेला नाही. थंडीत त्याला फुटवे आले, आता ओंब्या भरल्या आहेत. दाणा दाबला की दूध घट्ट झालेलं कळतं. मामीने काल एक जुडी कापली आणि ओल्या फडक्यात बांधली. ती, हे पत्र आत खोचून, आजच्या जळगाव गाडीच्या कंडक्टरजवळ देतो, स्टँडवरून तुझ्या आत्याकडे पोचवायला त्याला सांगितलं आहे. पन्नालालजींना म्हणावं, हा नमुना. निखाऱ्यावर भाजून, चोळून खायला सांग. अभिमनलाही दे, वरणगावच्या पोराने कधी खाल्ल्या नसतील.

तुझ्या बॅचचं काय झालं ते कळेपर्यंत मला चैन नाही. लोभ तिकडे पाठवला आहे, जुडीतच.
शालिग्राममामा


मेहरूण, जळगाव
११ फेब्रुवारी १९९८

ती. मामा व मामी यांस,
सा. न. वि. वि.

ओंब्या हिरव्यागार पोचल्या. पन्नालालजींनी दुकानासमोर इस्त्रीवाल्याच्या निखाऱ्यांवर भाजून घेतल्या आणि गिऱ्हाईक ताटकळत ठेवून उभ्याने खाल्ल्या. हात काळे झाले म्हणून त्या दिवशी कापडाला हात लावला नाही. खाऊन झाल्यावर एवढंच म्हणाले की सोमवारपासून सकाळी सातला ये. बाबांना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं, की खिळे-बिजागऱ्या ते स्वतः विकतील.

मामा, प्रोग्राममध्ये एक ओळ अशी लिहिता येते की मशीन ती वाचतच नाही. तो प्रोग्राम पुढे जो माणूस उघडील, त्याला कळावं म्हणून ती असते. माझ्या खेळात जिथे हिवाळा सुरू होतो तिथे मी तशी एक ओळ लिहिली आहे: गव्हाला थंडीच लागते. शालिग्राममामा, निंभोरा. स्वतः पेरून बघितलं.

तुकडा कापायला येते. मामीला सांगा, निंदायचं बटण अजून जमलेलं नाही, तेव्हा हातानेच करू.

तुमच्या दोघांच्या लोभावरच वाढलेली,
चारू