आता कोण?

३ फेब्रुवारी

पोचले एकदाची! ताईला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, खोलीला आतून कडी आहे का. कडी आहे, पंखा आहे, आणि खिडकीतून समोरच गोठा दिसतो. वास येतो, पण आमच्या धंद्यात नाक मुरडून कसं चालेल? आजवर जाहिरातींतली कुत्री सांभाळली, एका मालिकेतलं माकड सांभाळलं (चावलं मेलं), पण सिनेमा पहिल्यांदाच. आणि सिनेमाही कुठला, तर ज्याच्या पहिल्या भागाचे संवाद भाच्यांमुळे ताईलासुद्धा पाठ झालेत! त्याच्या दुसऱ्या भागातल्या सगळ्या प्राण्यांची जबाबदारी माझी. भाच्यांच्या नजरेत मावशीचा भाव एकदम वधारलाय.

संध्याकाळी माझ्या मंडळींना भेटून आले. गाढव, डुक्कर, बोकड, दोन बदकं आणि आजी. आजी म्हणजे ती मेंढी, पहिल्या भागात नाकावर चष्मा लावून सगळ्यांना शहाणपण शिकवणारी. बाकीचे सगळे नवीन, जुनी तेवढी तीच. मी हात पुढे केला. तिनं हुंगला आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मेंढ्या सहसा असं नजरेला नजर देत नाहीत. म्हटलं, नटी आहे बाई, नखरे असणारच.

५ फेब्रुवारी

कामाला लागले. प्राणी बोलतात म्हणजे काय, तर हिरड्यांना बोटभर मध लावायचा. मग ते ओठ हलवत चाटत बसतात, शब्द पुढे कॉम्प्युटरवर चढवतात. गाढव गुणी आहे. डुक्कर मध संपला की पाठ फिरवतं. आजीला मात्र मध लागतच नाही. कॅमेरा सुरू झाला की ती आपणहून ओठ हलवते आणि बंद झाला की थांबते. कॅमेरामन म्हणाला, अशी दहा माणसं मिळाली असती तर माझे केस पांढरे झाले नसते.

सिनेमातली मुलगी पहिल्या भागातलीच, आता आठ वर्षांची. सगळे तिला छकुली म्हणतात. दुसऱ्या दिवशीच मला मावशी म्हणून चिकटली. तिची आई खुर्चीवर फोन घेऊन बसलेली असते, पण लक्ष सगळं लेकीकडे.

आज गोष्ट वाचायला मिळाली आणि जरा चमकलेच. शेत विकलं जातं, प्राणी खाटकाकडे जायचे असतात आणि शेतकरी मुलीला सांगतो, एकच ठेवता येईल, तू निवड. मग रोज एकेक प्राणी गाडीत चढतो आणि शेतकरी दारात उभा राहून विचारतो, आता कोण? लहान मुलांच्या सिनेमात हे? दिग्दर्शकांना विचारलं तर म्हणाले, मुलांनाही कधीतरी रडू द्यावं.

८ फेब्रुवारी

ही गोष्ट कुठून आली ते कळलं. शूटिंगचं सगळं सामानसुमान पाहणारा मॅनेजर आहे, पोट सुटलेला, सतत हसणारा. चहा पिताना त्यानंच फुशारकीनं सांगितलं. पहिला भाग संपला तेव्हा प्राण्यांना कोण पोसणार हा प्रश्न होता. त्यानं गंमत म्हणून छकुलीला विचारलं, तुला यातलं कोण हवं? तिनं आजीकडे बोट दाखवलं. आजी राहिली. बाकीच्यांना त्याच दुपारी आजीच्या डोळ्यांदेखत खाटकाच्या गाडीत चढवलं. पोरीला सांगितलं, फिरायला गेलेत. दिग्दर्शकाला किस्सा इतका आवडला की त्यावरच दुसरा भाग लिहिला.

मी चहा तसाच खाली ठेवला. मॅनेजर हसत होता. आजी कुंपणापाशी उभी राहून त्याच्याकडे पाहत होती.

११ फेब्रुवारी

मॅनेजर कालपासून दिसत नाही. गाडी इथेच उभी आहे, जाकीट खुर्चीवर तसंच. दिग्दर्शकांना वाटतं, दुसऱ्या कोणाचं जास्तीचं काम धरलं असेल, या लाइनीत हे चालतंच. त्याच्या जागी उद्यापर्यंत दुसरा येईलही.

केस विंचरून देताना छकुली मला हळूच म्हणाली, आजी खरंच बोलते. मी हसले, मलाही ऐकव म्हटलं. ती म्हणाली, मोठ्यांशी नाही बोलत. काय बोलते विचारलं तर म्हणाली, एकच गोष्ट विचारते.

प्राण्यांनी आज चाऱ्याला तोंड लावलं नाही. आजारी दिसत नाहीत. पोट भरलेली दिसतात.

१३ फेब्रुवारी

मेकअपवाली बाई नाहीशी झाली. सकाळी छकुलीचे केस जोरात ओढले म्हणून पोरगी रडली होती. दुपारी जेवायला बाई नाही. तिचा डबा उघडा, चमचा भाजीत तसाच. दोघीतिघी म्हणाल्या, नवऱ्याशी भांडण चाललं होतं, गेली असेल माहेरी. चपला टाकून?

छकुलीला बाजूला घेतलं. म्हणाली, आजीनं विचारलं, आता कोण. छकुलीनं म्हटलं, मला माहीत नाही. तर आजी म्हणाली, तेव्हा तर पटकन सांगितलं होतंस. मग छकुलीनं केस ओढणाऱ्या बाईचं नाव सांगितलं.

मॅनेजरचा किस्सा पोरीला कोणीच सांगितलेला नाही. मी विचारलं, तर तिला खरंच काही ठाऊक नव्हतं. उलट मलाच विचारलं, मावशी, तेव्हा म्हणजे कधी?

१४ फेब्रुवारी

सकाळच्या शॉटला आजीला मध लावायला गेले. तिला नको असतो, तरी गेले. मला तिचं तोंड पाहायचं होतं. तिनं आपणहून उघडलं. खालच्या दातांत बोटाला दोरा लागला. ओढला. येतच राहिला.

केस. लांब, तांबूस रंगवलेला. मेकअपवालीचा.

ओरडले नाही. का कोण जाणे, वाटलं की ओरडू नये. बोट पुसलं आणि शॉट दिला. आजीनं एका दमात दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दिग्दर्शकांना केस दाखवला. म्हणाले, मेंढी वाटेल ते चघळते, त्यात काय एवढं.

१५ फेब्रुवारी

छकुली जेवत नाही. मांडीत तोंड खुपसून रडली. आजी आता दोघींतलंच एक विचारते म्हणाली. आई की मावशी.

मी विचारलं, काय सांगितलंस? म्हणाली, अजून नाही सांगितलं. आजी म्हणते उद्यापर्यंत सांग, नाहीतर दोघी.

मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "मावशी, तू रागावशील का गं?"

पोरीनं ठरवलं होतं. आणि आठ वर्षांच्या पोरीनं आईलाच धरावं, दुसरं काय करावं? मी तिला जवळ घेतलं. नाही रागावणार म्हटलं. पण आजीशी बोलायला जाऊ नकोस.

१६, सकाळ

खोटं बोलले. छकुलीच्या आईला सांगितलं, प्राण्यांना संसर्ग झालाय, मुलांना पटकन लागतो, फुप्फुसात जातो. खरं सांगून बघितलं असतं तर मलाच डॉक्टरकडे धाडलं असतं. बाईनं लगेच बॅग भरली. टॅक्सी आली. छकुली काचेतून मागे बघत राहिली, माझ्याकडे नाही, गोठ्याकडे.

गेल्या. सुटल्या.

आजी कुंपणापाशी होती. टॅक्सी दिसेनाशी झाल्यावर तिनं मान वळवली आणि माझ्याकडे—

१६, दुपार

दिग्दर्शकांनी आकाशपाताळ एक केलं. मुलगी गेली, शूटिंग बंद. म्हणाले, संसर्ग आहे ना, मग सगळी आजच खाटकाकडे, गाडी बोलावलीय, तूच बाहेर काढून दे. मी म्हटलं, आजार नाही, मी खोटं बोलले. ऐकून घेतलं नाही. जेवणाच्या तंबूकडे निघून गेले.

गोठ्यात आले. दार उघडलं तर सगळी रांगेत उभी, शूटिंगला करतात तशी. आणि मागे दार—

बदकांनी नाही, वाऱ्यानंही नाही. गाढवानं लावलं. पाठ टेकवून उभंय.

चाऱ्याच्या खोलीत शिरले. कडी घातली. फोन खोलीवर राहिला. हीच वही खिशात होती.

थोड्या वेळानं

हाका मारल्या. तंबू लांब आहे.

फळ्यांच्या फटीतून आजीचं तोंड दिसतं. कॅमेरा नाही, मध नाही. ओठ हलतायत.

बोलते. खरंच बोलते. आवाज मॅनेजरचा. हसरा, लाडीगोडीचा, लहान मुलाला विचारावं तसा.

आता कोण?

रागावत नाही. घाई नाही. पुन्हा विचारते.

मी म्हटलं कोणीच नाही. ती म्हणाली, असं नसतं बाळ. एक तर सांगावंच लागतं.

बोकड फळीला धडका देतोय. खालची फळी हलली—

गाडी आली. हॉर्न. बाहेर दिग्दर्शकांचा आवाज, माझ्या नावानं शिव्या घालत इकडेच येतायत. पळा म्हणून ओरडायला हवं. आत येऊ नका म्हणायला हवं.

आजी थांबली. कान टवकारले. आवाज तिलाही ओळखू आला. मग फटीला अगदी तोंड लावून, हळूच, मला एकटीलाच—

आता कोण?

एक शब्द. एवढंच. त्या माणसानं असल्या किस्स्याचा सिनेमा केला, त्याच्यासाठी कोण रडणार आहे? मी नाही म्हणणार. नाही म्हणायचं. ताई, मी नाही म्हणणार गं, पण फळी निघाली आणि माझं तोंड आपोआप उघडतंय, आणि मी तिला त्यांचं ना—