सुनंदाची सायकल आणि आडवा दोर

१२ जानेवारी १९३८

आली! सायकल आली! सुनंदा — माझी नात, माझ्या लेकाची, केदारीची थोरली, जिनं मला अक्षरं शिकवली ती — वडगावातनं हिंडलग्याच्या शाळेवर शिकवायला जाते. एवढी लांब, चालत! संपली पायपीट. शेजारची बायाक्का म्हणते, "नातीला घोडं आणलंस व्हय गं?" म्हटलं, घोडं चारा खातं, हे न्हाय! केदारी मात्र हातमागावरनं उठला न्हाय. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

२० जानेवारी

गल्लीतल्या तीन पोरी शिकतायत! पडतात, गुडघे फोडून घेतात, वर हसतात. माझं म्हणणं, घरटी एक सायकल पाहिजे. टांगेवाला यल्लाप्पा वरडला, "आज्जे, माझ्या पोटावर पाय देतीस!" केदारीचं तिसरंच — "चाकावर बसणारीला कोण करून घेणार?" जळ्ळं मेलं लग्न!

२ फेब्रुवारी

सकाळी वडाजवळ कुणीतरी दोर बांधला — रस्त्यात आडवा, गळ्याच्या उंचीवर. सुनंदा उतारानं वेगात. गळ्यावर चीर पडली, पुढचे दोन दात गेले, लुगडं रक्तानं चिंब. गल्ली पेटली. "यल्लाप्पाच!" टांग्यातनं खाली ओढला त्याला. दांडक्यांनी झोडपला, हात मोडला, टांग्याची चाकं फोडली. केदारी सगळ्यांच्या पुढं. मी पण वरडत होते — हाणा!

३ फेब्रुवारी

सुनंदाला पेज पाजली. खुणेनं विचारते, सायकल कुठाय? वाघीण गं माझी!

५ फेब्रुवारी

दोर आज नीट बघितला. आमच्या मागावरच्या साडीच्या सुताचाच पीळ. आणि गाठ — दोन फेरे, टोक माघारी ओवून दातानं तोडलेलं. माझ्या आईची गाठ ही! मी एकाच माणसाला शिकवली. सात वर्षांचा होता, माझ्या मांडीवर बसून शिकला.

केदारीपुढं दोर टाकला. माग थांबला. "नुसती पडंल, भिईल, वाटलं गं आई..."

कानाखाली ठेवून दिली. आणि यल्लाप्पा रे? त्याचा हात?



१८ फेब्रुवारी

सायकलवर बसले! मी! सुनंदाच्या मागं, मांडीवर तो दोर. यल्लाप्पाच्या दारात गल्ली गोळा करून गाठ कुणाची ते सांगायला निघालो. केदारी वाटेत आडवा — "आई, नको गं!" म्हटलं, बाजूला हो. न्हायतर बांध दुसरा दोर.